चौथ्या पेपरला ऐकलेला आवाज

पस्तीस वर्षं मी मुलींना फिजिक्स शिकवलं. ज्याचं माप घेता येत नाही ते वर्गात काढायचं नाही, हा माझा शिरस्ता. या सदरात छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर मनातल्या मनात लाल शाईची रेघ ओढते. अंगात येणं, पिंपळावरची बाई, असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी स्वतः लिहायला बसले आहे, कारण जे घडलं तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि आता मी एकटीच उरले आहे. यात भूत नाही. कुणी मेलेलंही नाही. होती फक्त एक परीक्षा... भर दिवसा, सकाळी सात ते दहा.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही उज्जैनला माधव नगरात दोन खोल्यांत राहायचो. बाबा सरकारी कचेरीत होते. राजधानी भोपाळला गेल्यामुळे कचेऱ्यांची कपाटं ट्रकमधून तिकडे रवाना होत होती आणि बदलीच्या यादीत बाबांचं नाव कधी येईल याची घरात रोज चर्चा. मी सतरा वर्षांची, इंटर सायन्सला.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात नवं सेवा मंडळ सुरू झालं होतं. नव्या राज्यात विद्यार्थ्यांनी काय काय करावं याची एक लांबलचक यादी बोर्डावर लागली — गावात जाऊन प्रौढांना अक्षरओळख, मलेरियावाल्यांबरोबर फवारणी, इस्पितळात मदत. सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘अंध परीक्षार्थ्यासाठी लेखनिक हवा. विद्यार्थी खालच्या वर्गातला असावा व त्याचा विषय वेगळा असावा.’ माझं अक्षर बरं होतं. मी नाव दिलं.

परीक्षार्थी होते मांगीलालभैया. तेवीस-चोवीसचे, एम.ए. फायनलला, विषय दर्शनशास्त्र. वडील नाहीत, आई देवळाबाहेर फुलांच्या माळा विकायची. अकराव्या वर्षी देवी येऊन डोळे गेले. त्याआधी शाळेत गेलेले, म्हणून अक्षरं हाताला ठाऊक होती, पण तीन तासांचा पेपर लिहिणं शक्य नव्हतं. त्यांचा एक वर्गमित्र रोज त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचा आणि एकदा ऐकलेलं ते विसरत नसत.

आमच्या घरी आधी कुरबुर झाली. आई म्हणाली, “एका परक्या माणसाशेजारी तीन-तीन तास बसायचं? लोक काय बोलतील?”

बाबा म्हणाले, “बोलू देत. पर्यवेक्षक समोर असतो. आणि तो माणूस पास झाला तर त्याचं आयुष्य मार्गी लागेल, एवढं बघ ना.”

ते खरंच होतं. क्षिप्रेच्या घाटावर जुने पाठक होते, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेले ग्रंथ कुठेच उतरवलेले नव्हते. ते ऐकून गोळा करण्याचं संशोधनाचं काम निघालं होतं आणि त्यात एकाच विद्यार्थ्याला जागा होती. प्राध्यापकांनी भैयांना स्पष्ट सांगितलं होतं, फर्स्ट क्लास आला तर जागा तुझी, नाही तर दुसऱ्याची. भैया मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “शालिनी बहन, हे काम डोळस माणसासाठी नाहीच. तो कागद शोधत बसेल. मी ऐकेन.” आणि हसले.

परीक्षेआधी आठ दिवस आम्ही वर्तमानपत्रातले उतारे घेऊन सराव केला. ते बोलायचे, मी टाकाने लिहायची. भरभर बोलायची सवय होती त्यांना, मी सारखी म्हणायची, “धीरे, भैया, धीरे!” पूर्णविरामसुद्धा तोंडाने सांगायचे.

आमचा आवाज इतरांना नको म्हणून आम्हाला वेगळी खोली दिली होती — केमिस्ट्रीच्या लॅबमागची, जिथे फुटक्या काचेचं सामान ठेवत. पर्यवेक्षक व्यासजी, बाहेरच्या एका शाळेतून आलेले, संस्कृतचे शिक्षक. अत्यंत कडक. मला पाणी प्यायला उठायचं तरी विचारावं लागे. पहिले तीन पेपर सुरेख गेले.

चौथा पेपर शेवटचा. आदल्या दोन दिवसांत लू अशी सुटली होती की देवास गेटवरच्या टांग्यांचे घोडेसुद्धा सावली सोडत नव्हते. त्या सकाळी भैयांना त्यांच्या आईने हात धरून आणलं. गळ्याला फडकं, अंगात ताप. आई म्हणाली, “बिटिया, इसका गला बैठ गया है. रात से बोल नहीं निकल रहा.”

व्यासजींनी विचारलं, “परीक्षा देनी है?”

भैयांनी मान हलवली. जोरात.

मी पेपर वाचून दाखवला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी माझ्या बाजूला वाकून, घोगऱ्या कुजबुजीत सांगितलं. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. दोनदा खोकल्याची उबळ आली. अर्ध्या तासात दीड पान. या गतीने पाच प्रश्न कसे व्हायचे?

मग थोडा वेळ ते गप्प बसले. हनुवटी काठीवर टेकवली. मी टाक दौतीत बुडवून थांबले.

आणि त्यांचा आवाज मोकळा झाला.

असंच वाटलं मला. अगदी नेहमीचा आवाज — स्वच्छ, थोडा नाकातला. “प्रश्न दो,” ते म्हणाले आणि सुरू झाले. मी मान वर केली नाही, करायला वेळच नव्हता. शब्द असे येत होते की मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हेतू, व्याप्ती, हेत्वाभास... जसं कानावर पडे तसं उतरवत होते. दोन-तीनदा मी म्हटलं, “धीरे, भैया,” आणि ते हळू झाले. चौथ्या प्रश्नात एका ठिकाणी त्यांनी धुराचं उदाहरण दिलं, अर्धं वाक्य झालं आणि म्हणाले, “नहीं, इसे काट दो. घड़े वाला लिखो.” मी काटलं. दोन पुरवण्या घेतल्या. घंटा झाली तेव्हा पाचवा प्रश्न पुरा होऊन शेवटचा पूर्णविराम दिला होता. माझी बोटं आखडली होती, पण मनात नुसता आनंद.

व्यासजींनी उत्तरपत्रिका घेतली, पण सही केली नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बेटी, ये तुमने क्या लिखा है?”

“जो भैया ने बताया.”

“पहिल्या प्रश्नानंतर यांनी एक अक्षरही उच्चारलेलं नाही. मी तीन हातांवर बसलोय. वाटलं कुजबुज मला ऐकू येत नसेल, म्हणून अडवलं नाही, घंटेपर्यंत यांच्या ओठांकडे पाहत राहिलो. ते हललेसुद्धा नाहीत. आणि तू मध्येच ‘धीरे, धीरे’ म्हणत होतीस. कुणाला?”

मला वाटलं थट्टा आहे. पण व्यासजी थट्टा करणारे नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी भैयांकडे वळले. “भैया, बताओ ना इनको!”

भैयांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. मग त्यांनी चाचपडत माझा टाक घेतला आणि कोऱ्या कागदावर, लहान मुलासारख्या मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘मेरा है.’ माझं आहे.

उत्तरपत्रिका लखोट्यात बंद झाली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगितलं, पाच दिवसांनी चौकशी, तोवर दोघांनी भेटायचं नाही.

ते पाच दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. आई रडत होती. मला कॉलेजातून काढलं तर पुढे सगळंच बंद. बाबांनी मला समोर बसवलं. “शालू, एक अर्ज लिहू या. घाबरून गेले, सुचेल ते मनानं लिहिलं, माफी असावी. लहान आहेस, सोडून देतील.”

“आणि भैयांचं?”

बाबांनी कागद आणि दौत माझ्यापुढे सरकवली.

“मी मनानं लिहिलं म्हटलं की त्यांचा पेपर रद्द, बाबा. त्यांनी परीक्षेत नक्कल करवली असंच होणार. आणि मी मनानं काय लिहिणार? मला त्यातला एक शब्द कळत नाही.”

“मग काय सांगणार आहेस तू तिथे? न बोललेलं ऐकू आलं म्हणून? वेडी ठरवतील.”

“ठरवू देत. मी ऐकलं तेच लिहिलं. तेच सांगणार.”

बाबांनी मला तोवर कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी हात वर केला होता, मग खाली घेतला. पाचव्या दिवशी कचेरीला रजा टाकून ते माझ्याबरोबर चालत आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

आत प्रिन्सिपॉलसाहेब, बाहेरून बोलावलेले दर्शनशास्त्राचे एक वयस्क प्राध्यापक आणि व्यासजी. प्राध्यापकांनी मला विचारलं, “हेत्वाभास म्हणजे काय?”

“माहीत नाही.”

“तुझ्या हस्ताक्षरात चार पानं आहेत त्यावर.”

“लिहिलंय मी. अर्थ माहीत नाही.”

त्यांनी आणखी सात-आठ शब्द विचारले. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. शेवटी ते त्रासून म्हणाले, “मग हे आलं कुठून?”

मी म्हटलं, “मला भैयांचा आवाज आला. व्यासजी म्हणतात ते बोलले नाहीत. व्यासजी खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. मीही बोलत नाही.”

मला शेजारच्या खोलीत बसवून भैयांना आत बोलावलं. दार उघडंच राहिलं होतं, मला ऐकू येत होतं. त्यांचा घसा थोडा सुटला होता. प्राध्यापक म्हणाले, “चौथ्या प्रश्नाचं उत्तर सांगा. तेव्हा जसं दिलं तसं.”

भैयांनी सुरुवात केली. सावकाश, खरखरीत आवाजात. मधूनमधून पानं उलटल्याचा आवाज येई, म्हणजे समोर ताडून पाहणं चाललं होतं. मग भैया थांबले आणि म्हणाले, “यहाँ मैंने पहले धुएँ का उदाहरण दिया था. आधे में कटवा दिया. फिर घड़े वाला लिखवाया.”

आत पानं पुढेमागे उलटली जात होती. कितीतरी वेळ. मग प्राध्यापकांची खुर्ची सरकली.

तुम्ही म्हणाल, पाच दिवसांत आम्ही संगनमत केलं असेल. नाही केलं, पण ते मी सिद्ध करू शकत नाही. आणि केलं असतं तरी पेपरात आलेलं ते ज्ञान माझ्या हातून कसं उतरलं, हा प्रश्न उरतोच.

व्यासजींना सही करायला सांगितली. ते म्हणाले, “ते बोलले असं मी लिहिणार नाही. मुलीने नक्कल केली नाही, असं लिहीन. दोनों बातें सच हैं. बाकी आप जानें.” त्यांनी तसंच लिहिलं.

विद्यापीठाने तो पेपर ग्राह्य धरला नाही. पण आजारपणाच्या कारणाखाली चौथा पेपर पुन्हा देण्याची परवानगी आली, महिन्याभराने. कॉलेजने दुसरा लेखनिक सुचवला. भैया म्हणाले, “शालिनी लिखेगी, नहीं तो मैं नहीं बैठूँगा.” व्यासजींनी स्वतः अर्ज करून पर्यवेक्षण मागून घेतलं. आम्ही तिघं पुन्हा त्याच खोलीत. भैया प्रत्येक शब्द मोठ्याने बोलले, आणि मी प्रत्येक ओळीला मान वर करून त्यांचे ओठ पाहिले. फर्स्ट क्लास आला, अगदी काठावर, पण आला. संशोधनाची जागा त्यांना मिळाली. त्यांनी उभी हयात घाटांवर पाठकांसमोर बसून काढली. आमची बदली भोपाळला झाली आणि मी पुढे शिकले ती तिथेच.

निघायच्या आदल्या दुपारी बाबांबरोबर मी त्यांना भेटायला गेले. त्यांची आई माळा ओवत होती. मी विचारलं, “भैया, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, की आवाज निघत नाहीये?”

“माहीत होतं.”

“मग?”

“मग काय... घसा बंद झाला. म्हटलं, संपलं सगळं. पण उत्तर तर पाठ होतं, ते आपोआप मनात चालू झालं. इतक्यात तुझ्या टाकाचा आवाज आला, कागदावर चालल्याचा. मला वाटलं, पोरगी काहीतरी आपल्या मनाने लिहितेय. म्हणून मी मनात बोलणं थांबवलं.”

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली.

“टाकही थांबला.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत होते.

“मी पुन्हा सुरू केलं. टाक चालू. पुन्हा थांबलो, टाक थांबला. तीन वेळा करून पाहिलं, बहन. मग तू म्हणालीस, ‘धीरे, भैया’. तेव्हा मी ठरवलं, आता हे काय आहे ते विचारायचं नाही, पेपर पुरा करायचा.”

“हे चौकशीत का नाही सांगितलंत?”

“किसी ने पूछा ही नहीं,” ते म्हणाले.

नंतरच्या नोकरीत मी अनेक अंध मुलामुलींसाठी लेखनिक मिळवून दिले, कित्येकांसाठी सुट्टीत स्वतः बसले. कुणी उत्तर आठवत गप्प झालं की मीही टाक थांबवून, पुढे पेन थांबवून, कान देऊन बसायची. पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. त्या सकाळचं माझ्याकडे आजही कसलंच स्पष्टीकरण नाही, आणि माझ्या विषयाच्या पुस्तकांतही ते मला सापडलेलं नाही.