आर्डिसबाईंनी पेरलेला हत्ती

आर्डिसबाईंचा कोणावरही विश्वास नव्हता, छापील पुस्तकावरसुद्धा नाही. मिनेसोटातल्या आमच्या गावच्या दैनिकात त्या एकोणतीस वर्षं ‘आजचा दिवस’ हे सदर लिहीत होत्या. याच तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते. प्रत्येक नोंद तीन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय कागद हातात द्यायच्या नाहीत. मी पानं लावणारा, तोवर ताटकळत उभा. वैताग नुसता! पण गावात पैज लागली की लोक म्हणायचे, “आर्डिसने छापलंय ना? मग झालं.” बाई या एका वाक्यावर जगत होत्या.

मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गावच्या रेडिओवरचा डेल रोज सकाळी हेच सदर स्वतःचं म्हणून वाचतोय.

“योगायोग असेल,” मी म्हटलं.

“तुला किती देतो तो?” बाईंनी मलाच विचारलं. घ्या, करा मध्यस्थी.

चोर पकडायची आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. खऱ्या नोंदींत एक खोटी पेरायची. जानेवारीत बाईंनी पेरली: १८८७ साली याच दिवशी सर्कशीतला हत्ती आमचं गोठलेलं तळं चालत ओलांडून गेला. डेलने ती खुशाल वाचली, वर पदरचं तिखटमीठ लावलं. बाई तडक रेडिओवर गेल्या आणि चालू कार्यक्रमात त्याला म्हणाल्या, “तो हत्ती मी मनाने रचला होता, चोरा.”

डेल जराही गडबडला नाही. “म्हणजे बाई, तुम्ही पेपरात खोटं छापता? आणखी किती छापलंत?”

“एकच.”

“असं का,” डेल म्हणाला. सगळं गाव ऐकत होतं.

त्याची चोरी लोक आठवड्यात विसरले. बारा फेब्रुवारीला बाईंनी छापलं की लिंकन आणि डार्विन एकाच साली, एकाच दिवशी जन्मले. सकाळपासून फोन. “बाई, डार्विन हत्तीवर बसून आला का?”

संपादक गॉर्डीने मला कोश काढायला सांगितलं. बाई समोरच बसल्या होत्या. मी पान उघडलं, बोट फिरवलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“तुलाही बघावं लागलं,” बाई म्हणाल्या. कोट घातला आणि गेल्या. सदर त्या दिवशीच संपलं.

सांगायला लाज वाटते, पण पुढे महिनाभर मी त्यांचे जुने अंक काढून एकेक तारीख तपासत बसलो. तो हत्ती सोडला तर एकही नोंद खोटी निघाली नाही.