मोठ्या आवाजाचं घर

आमच्या घरात हळू बोलणं कुणाला माहीतच नव्हतं. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर दोन्ही कानही गेले. आईचं साधं 'अहो, चहा घ्या' अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. शेजारची मावशी गॅलरीतून ओरडायची, "आम्हाला पण आण गं!" कानाचं मशीन आणून दिलं, तर बाबा म्हणाले, "डोक्यात भुंगा सोडल्यासारखं वाटतं." ते गेलं कपाटात.

मीही तशीच. ऑफिसात माझा फोन सुरू झाला की लोक माना वर करतात. मुद्दाम नाही हो करत! समोर म्हातारं माणूस दिसलं की डोक्याला कळायच्या आधीच आवाज चढलेला असतो.

गेल्या वर्षी बाबा गेले. आईला मी करी रोडला माझ्याकडे आणलं. टॉवर, सगळ्यांची दारं बंद. एकदा लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तिला विचारलं, "आजी, घरात रोज भांडणं होतात का? आवाज येतो." माझं टाळकंच सटकलं. "मग कानात बोळे घाला!" म्हटलं. घरात आल्यावर आई म्हणाली, "मी ओरडते होय गं? मला वाटायचं, मी बोलते."

त्या दिवसापासून ती कुजबुजायला लागली. भाजीत मीठ हवं का, तेही कानाशी येऊन विचारायची. चुकून आवाज चढला की पदर तोंडावर. मला बघवेना. "आई, बोल की मोकळेपणाने!" तर म्हणे, "नको बाई, तुला इथे राहायचंय." सगळा संसार तिने त्या आवाजात केला होता. भांडण काय, माया काय, सगळं ओरडूनच.

परवा बाबांचं वर्ष झालं. संध्याकाळी आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि बाबांच्या फोटोसमोर बसली. मी ओट्याशी खीर ढवळत होते. ती पुटपुटली, "अहो, खीर केलीय तुमच्या आवडीची." मला जेमतेम ऐकू आलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, जोरात बोल. बाबांना ऐकू नाही येणार."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिने फोटोकडे तोंड केलं आणि पार लिफ्टपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो! खीर केलीय!"

आणि ते वळून बघतील म्हणून, सवयीने, थांबली. मीही थांबले. मग दोघी ढसाढसा रडलो.