माइक काढून घेणारा लाउडस्पीकरवाला

आपल्याच धंद्याच्या मुळावर इतक्या आनंदानं उठलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि जो एक आहे तो नेमका माझा साडू लागतो. तिथल्याच गोरेगावात त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. लग्न असो, जयंती असो, निवडणूक असो, की कुणाच्या नातवाचं बारसं असो, दणदणाट आमच्या साडूंचा. त्यांचे बॉक्स लागले की शेजारच्या घरातली मांडणीवरची भांडी आपण होऊन खाली उतरतात. असा हा माणूस गाणारं पोरगं दिसलं की आधी त्याच्या हातातला माइक काढून घेतो. स्वतःच भाड्यानं दिलेला माइक! पोरगं बिचारं कावरंबावरं होऊन आयोजकांकडे बघतं, आयोजक माझ्याकडे बघतात, आणि मी मांडवाच्या झालरी बघत बसतो.

हा रोग त्यांना मुंबईहून लागला. जुने बॉक्स विकत घ्यायला ते गेले होते. विकणाऱ्यानं एका मोठ्या नाट्यगृहात थांबायला सांगितलं. तिथं ऑपेराची तालीम चालू होती. ऑपेरा म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाण्यातूनच चालणारं विलायती नाटक, आपल्या संगीत नाटकाचं गोरं भावंड म्हणा. एक बाई रंगमंचावर गात होती आणि आवाज पार शेवटच्या खुर्चीत येऊन मांडीवर बसत होता. साडूंनी धंद्याच्या सवयीनं बॉक्स शोधायला सुरुवात केली. पडद्यामागं बघितलं, खुर्च्यांखाली बघितलं, शेवटी रंगमंचाखाली शिरले. रखवालदारानं त्यांना पायाला धरून बाहेर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा, त्यांच्याच सांगण्यानुसार, नव्या नवऱ्यासारखा झाला होता. "साडूभाऊ, एक बी बॉक्स न्हाई! नुसता घसा!" बॉक्स न घेताच ते परत आले. मेहुणीनं महिनाभर मुंबईचं नावही घरात काढू दिलं नाही.

तेव्हापासून ते घसे शोधत हिंडू लागले. परीक्षेची त्यांची स्वतःची पद्धत आहे. गाणाऱ्याला एका जागी उभं करायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून आपण उलटं चालत मागं मागं जायचं. जिथं शब्द ऐकू यायचे थांबतात तिथं थांबायचं. या पद्धतीपायी ते कळमनुरीच्या एका लग्नात वरणाच्या पातेल्याला धडकले आणि दुसऱ्या एका लग्नात नवरदेवाच्या आजीच्या मांडीवर बसले. आजी म्हणाली, "लेकरा, घोडा तिकडं हाय." निवडलेल्या पोरांचे तर हालच. पेप्सीकोला बंद, भजी बंद, एप्रिलच्या उन्हात गळ्याला मफलर. एकदा त्यांनी भर बाजारात एका पोराच्या तोंडात टॉर्च मारून घसा तपासला, तेव्हा मागं दात दाखवायला दोन म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांनाही साडूंनी निराश केलं नाही.

संघमित्रा त्यांना सापडली ती जवळच्या साखरा गावात, जयंतीच्या कार्यक्रमात. बारावी झालेली पोरगी, बाप गोरेगाव ते सेनगाव जीप चालवणारा. ती गात असताना लाइट गेली. बाकीचे थांबले, ही थांबली नाही. साडू त्या वेळी, धडधड नको म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या जनरेटरच्या दोरीशी झटापट करत होते. तिथं त्यांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. त्यांनी दोरी सोडून दिली आणि ऐकत बसले. जनरेटर त्या रात्री चालूच झाला नाही, आणि भाडंही कुणी दिलं नाही.

मग त्यांनी मुंबईतल्या ऑपेरा शिकवणाऱ्या एका मॅडमना गाठलं. संघमित्राचं गाणं फोनवर ऐकवलं. मॅडम फोनवरून शिकवायला तयार झाल्या. तासभर टिकणारी रेंज फक्त साडूंच्या गोदामाच्या गच्चीवर येई, म्हणून शिकवणी जुन्या भोंग्यांच्या गराड्यात. दोन वर्षं पोरगी तिथं इटालियन शब्द घोकत होती आणि साडू खाली रस्त्यावर उभे राहून हॉर्न वाजवणाऱ्यांना दम देत होते. मग मॅडमनी सांगितलं की त्यांच्या संस्थेत नवख्या गायकांना वर्षभर तयार करतात, राहायची सोय करतात, रंगमंचावर उभं करतात, पुढं काम मिळवून देतात. जागा थोड्या. अट एकच: लोकांसमोर, माइकशिवाय, न थांबता गायलेल्या गाण्याचं चित्रण पाठवायचं. संघमित्राच्या बापानं सांगून टाकलं होतं, "ह्या खेपेला झालं तर झालं. न्हाई तर डी. एड.ला टाकतो. पोरीला किती दिस गच्चीवर ठेवू?"

इथं माझा प्रवेश होतो, आणि माझा प्रवेश झाला की काय होतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी शाळामास्तर, पण खरा धर्म सूत्रसंचालनाचा. माइक दिसला की माझा हात आपोआप पुढं जातो. चित्रणासाठी गोदामात कार्यक्रम ठरला. गाणं असं होतं की नदीपलीकडं निघून गेलेल्या भावाला बहीण अलीकडून हाक मारते. गाव जमलं, पण माइक नाही म्हटल्यावर कार्यक्रम सुरू झाला यावर कुणाचा विश्वास बसेना. मी घसा फोडून प्रास्ताविक करत होतो आणि पुढच्या रांगेत सोयाबीनचा भाव चालला होता. हाताला चाळा म्हणून मी टेबलावरचा साडूंचा टॉर्च उचलला. टॉर्च तोंडासमोर धरल्याबरोबर मला कंठ फुटला. चार वाक्यं जास्तच बोललो.

मग संघमित्रा गाऊ लागली. गोदाम चिडीचूप झालं. मी तिच्या शेजारीच उभा, भारावलेला. सूर चढत चढत अगदी वर पोचला, आणि त्याच क्षणी माझा हात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये चिमुरड्या पोरींसमोर माइक धरायला सोकावलेला माझा हात, पुढं झाला आणि टॉर्च तिच्या तोंडासमोर जाऊन थांबला. गाणं संपेपर्यंत तिथंच राहिला.

मुदत संपत आलेली, म्हणून चित्रण रात्रीच तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "तोंडासमोर काळं काय आहे?"

"टॉर्च आहे मॅडम," साडू म्हणाले.

"गाताना टॉर्च कशाला?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या दुकानातल्या वायरी मोजायला घेतल्या. मॅडम म्हणाल्या, माझा विश्वास आहे हो, पण निवडणाऱ्या बाकीच्यांना तो माइकच वाटतोय. उद्या दुपारपर्यंत दुसरं चित्रण आलं तर बघू.

संघमित्रा दुकानाच्या पायरीवर बसली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, तुमी लई चांगले हाव, पन उद्या येऊ नका."

"येऊ दे," साडू म्हणाले. "मला मानसं लागतेत. साडूभाऊ, हात तेवढे खिशात ठेवा."

सकाळी साखऱ्याच्या रस्त्यावर, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात आम्ही गेलो. साडूंनी पोरीला पार पलीकडच्या बांधावर पाठवलं आणि फोन घेऊन स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहिले. चित्रात ती अंगठ्याएवढी दिसत होती. इतक्या लांब माइक धरायला मारुतीचंच शेपूट लागलं असतं. मला काम दिलं होतं रस्ता अडवायचं, म्हणजे हात खिशातून काढायची परवानगी मिळाली. पहिलीच अडवली ती संघमित्राच्या बापाची जीप, बाजाराच्या माणसांनी खचाखच भरलेली.

"काहून थांबवली रे गाडी?" मागून एक म्हातारा ओरडला. "इथं काय टोलनाका निघाला का?"

"माझी पोरगी गाऊन राहिली," बापानं इंजिन बंद करत सांगितलं. "दम धरा जरा."

"कुठं हाय?"

"ती काय, त्या बांधावर."

"आरं, इतक्या लांबून काय घंटा..." म्हातारा बोलता बोलता थांबला, कारण आवाज आला होता. रान ओलांडून, आमच्यापर्यंत, सगळाच्या सगळा. जीपमधली एक बाई कोंबडीच्या चोचीवर हात ठेवून ऐकत होती. गाणं संपलं तरी गाडी सुरू करायचं कुणी म्हणेना. बाप स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. "सायब, त्यात काय म्हनती ते मला न्हाई समजलं," तो मला म्हणाला. "पन कोनाला तरी बोलावून राहिली, एवढं बराबर समजलं."

चित्रण बघून मॅडम फोनवर म्हणाल्या, "अहो, पण मुलीचा चेहराच दिसत नाही!"

"दिसायचा न्हाई, मॅडम. ऐकू येऊन राहिली का तेवढं सांगा."

पलीकडं गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजू लागलं. आठवड्यानं निवड झाल्याचं कळलं. बापानं तिला हिंगोलीला स्टेशनवर सोडताना जीपमध्ये दुसरं एकही पॅसेंजर घेतलं नाही, ही गोरेगावच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी.

याला आता वर्ष होत आलं. परवा संघमित्राचा फोन आला होता. एका मोठ्या ऑपेरात तिला पहिलं मानधनाचं काम मिळालंय, समूहगानात. "काका, इथं उलटंच हाय," ती साडूंना सांगत होती. "सगळ्यात मिसळून गायचं. माझा एकटीचा आवाज वेगळा ऐकू आला की मॅडम रागावतेत." तिनं तालमीचा एक तुकडा पाठवला.

साडूंनी दुकानातले सगळे बॉक्स बंद केले, रेडिओ बंद केला, मलाही बंद केलं, आणि फोन कानाला लावून बसले. पुन्हा लावला. कान बदलला. डोळे मिटून एकेक आवाज बाजूला सारत ते आपली पोरगी हुडकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि उपरण्यानं उगीच त्याची काच पुसली.

"सापडली का?" मी विचारलं.

"न्हाई," साडू म्हणाले. मग हसले. "न्हाई सापडली. म्हंजे बराबर गाऊन राहिली."