त्रिकोण सर आणि एक रेघ

आमचे त्रिकोण सर माणसाला नावाने ओळखत नसत. पुरुष दिसला की त्रिकोण, बाई दिसली की वर्तुळ. विभागातल्या कारकुनाच्या लग्नात लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन्ही घराण्यांच्या नात्यांचा त्रिकोण-वर्तुळांचा तक्ता काढत बसले आणि पंगत उठली तरी जेवले नाहीत. "नवरीचा मामा सापडत नाहीये," म्हणाले. मामा त्यांना बुंदी वाढायला दोनदा येऊन गेला होता.

साठ-सत्तरच्या त्या काळात आमच्याकडे मानवशास्त्र म्हणजे कवट्या. विभागप्रमुखांच्या खोलीत कपाटभर कवट्या आणि त्या मोजायचे पितळी चिमटे. जिवंत माणूस त्यांच्या मते अजून तयार न झालेला नमुना. सामाजिक मानवशास्त्राला आठवड्यातून एक तास, तोही शनिवारी दुपारी, आणि तो सरांच्या गळ्यात. "कवटी उलट बोलत नाही, म्हणून साहेबांना आवडते," असे सर बेधडक म्हणत. फक्त साहेब बाहेरगावी असले पाहिजेत. सरांचा प्रबंध मान्य झाला की ते रीडर होणार आणि आमच्या विषयाला स्वतंत्र शाखा मिळणार, असे ठरले होते. त्यासाठी आठ वर्षे ते एसटीने उमरेडजवळच्या एका विणकर कोष्ट्यांच्या गावी जात होते. सामान उचलायला मी, त्यांचा विद्यार्थी.

कोण कुणाचा कोण, एवढे खोदून विचारणारा माणूस सोयरिकी जुळवणाराच असणार, अशी गावाची खात्री होती. लोक उपवर मुलींच्या पत्रिका आणून देत. सरांनी अहवालात लिहिले, 'संशोधनास ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.'

त्यांना खरी माहिती देई ती यमुनाबाई, मागासाठी कांड्या भरता भरता. एकदा तिने स्वतःच्या घराचा तक्ता पाहायला मागितला. आमच्या शास्त्रात मेलेल्या माणसाच्या चिन्हावर तिरपी रेघ मारतात.

"हे कोन?"

"तुमची शेवंता."

"मंग खोडली काहून?"

"ती वारली ना, बाई. रीत आहे तशी."

"मेली म्हनून माही लेक नाही राहिली का गा, मास्तर? तू इचारलं पोरी किती, म्या तीन सांगतल्या. अन् तू तं दोनच ठेवून राहिला."

सरांनी नवा कागद घेतला, तक्ता रेघेशिवाय काढला, वर्तुळात 'शेवंता' लिहिले आणि तो तिला देऊन टाकला. मग प्रबंधातले सगळेच तक्ते बिनरेघेचे झाले. ते पुन्हा काढण्याचा मान अर्थातच मला मिळाला.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. जिवंत कोण, मृत कोण कळत नाही, रेघा माराव्यात. एका दुपारचे काम. मी पट्टी आणि दौत घेऊन हजर झालो. साहेबही समोर होते, या वेळी बाहेरगावी नव्हे, आपल्या खुर्चीत. सर त्यांना म्हणाले, "नाही मारणार. मला त्या बाईच्या ओसरीवर परत जायचं आहे."

प्रबंध गेला, रीडरपद गेले. शाखा मिळाली ती सर निवृत्त झाल्यावर, आणि तिचा प्रमुख झालो मी. मी वर्गात रेघ मारायला शिकवतो. विसरणाऱ्याचे गुण कापतो.

सर वारले तेव्हा ते सांगायला मी उमरेडची एसटी धरली. यमुनाबाई बराच वेळ रडली. मग नातीला म्हणाली, "पेटीतला कागद आन वं." तोच तक्ता, घड्यांवर फाटलेला. तिच्या वर्तुळाशेजारी, भावाच्या जागी, पेन्सिलीने एक वाकडा त्रिकोण काढला होता.

"दरसाल राखीले एकटाच येत होता. म्हनून हा नातीकडून काढून घेतला."

आठ वर्षांच्या एकाही अहवालात सरांनी हे लिहिले नव्हते. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. म्हातारीने ते पाहिले आणि त्रिकोणावर तळवा ठेवला.

"त्याले नको खोडू गा."

"नाही, बाई," मी म्हणालो, आणि तिच्या ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.