टाकेओचं चित्र उतरवताना

क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातल्या माझ्या किराणा दुकानात माल उतरवून घेत होतो, तेव्हा नोराचा फोन आला. "टाकेओ सकाळी गेला." मी तिच्यावरच भडकलो. नवरा आजारी होता, तर मला सांगायला काय झालं होतं?... काही आठवडे लोटले, राग अजून गेलेला नाही.

टाकेओ जपानी चित्रकार. उभी, रेशमी काठांची, गुंडाळून ठेवायची चित्रं काढायचा. लग्न करून इकडे आला आणि सारस सोडून इथला पाऊस, कुंपणावरचे कावळे रंगवू लागला. तिकडच्यांना ती चित्रं परकी वाटायची, इकडच्यांनाही. तरी त्याने आपली धाटणी बदलली नाही. चित्रामागे कागद चिकटवायला त्याला गव्हाचं सत्त्व लागायचं. तेच शोधत तो दुकानात आला. मी म्हटलं, हा तर आमच्या कुरडयांचा चीक. आई करायची तसा गहू भिजवून, वाटून, निवळून दिला. त्याची खळ त्याला अशी मानवली की दर वसंतात हजर.

"अर्धा कागद कोराच, भाव अर्धा कर," मी डिवचायचो.

"कोरा भागच काढायला अवघड. चितारलेलं फुकट ने."

पण दिलं कधीच नाही. "तू वर्षभर टांगून ठेवशील. ऋतू सरला की उतरवायचं असतं."

यंदा तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, "काम कमी आहे रे." साफ खोटं.

अंत्यविधीनंतर नोरा म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू डॉक्टरांशीही घासाघीस केली असतीस. त्याला ते नको होतं."

केलीच असती. एखादा उन्हाळा तरी पदरात पाडून घेतला असता. माझा हक्क होता तो... त्याने मला बोलूच दिलं नाही.

त्याने माझ्यासाठी ठेवलेलं एक चित्र तिने दिलं. हॉथॉर्न या वसंतात फुलणाऱ्या काटेरी झुडपाच्या पांढऱ्या फुलांत एक कावळा, वर सगळं कोरं. मी ते बैठकीत लावलं. बाहेरच्या कुंपणावरची हॉथॉर्नची फुलं झडून गेली तेव्हा नोरा आली.

"उतरव आता. तो असता तर ओरडला असता."

"रविवारपर्यंत राहू दे."

"ग्रँड," ती म्हणाली. म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे'.

रविवारी ती चित्र गुंडाळायला आली. मी स्टूल आणलं, वर चढलो, दोरीला हात लावला आणि तसाच खाली उतरलो.

"अजून एक आठवडा," मी म्हटलं.

 नोराने कोट काढला आणि ती चित्रासमोर बसली.