त्याला ऐकू आलेला आईचा आवाज

शकुन, भास, चाहूल... कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायचे. मी इमर्जन्सीत नर्स आहे. आधी बीपी बघते, मग बाकीचं. तरीही हे लिहितेय.

नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये मी ट्रायाज करते — म्हणजे आलेल्या पेशंटपैकी कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवते. एप्रिलमधली रविवारची दुपार. साठीचे एक गृहस्थ आले, मिस्टर डेल. घरी छिन्नीवर हातोडा मारताना उजव्या डोळ्यात काहीतरी उडालं होतं. डोळा थोडा लाल, दुखणं बेताचं. तक्त्यावरची अक्षरंही त्यांनी जवळजवळ सगळी वाचली. बाहेर गर्दी ताटकळलेली. मला वाटलं, वरवरचा कण असेल. पापणी उलटून बघावं, धुवावं आणि बसवावं बाहेर.

अंगठा पापणीवर टेकवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ती बाई तुला थांबवतेय ना?"

"कोण बाई?"

"तुझ्या मागे. 'सुमे, दाबू नको' — व्हॉट्स दॅट मीन?"

उच्चार मोडके होते, पण शब्द हेच.

खोलीत आम्ही दोघंच होतो... दार बंद. इथे सगळे मला 'सू' म्हणतात. 'सुमे' म्हणणारी एकच, माझी आई. मिरजेला डोळ्यांच्या वॉर्डात तिनं सिस्टर म्हणून आयुष्य काढलं. मार लागलेला डोळा आला की नव्या मुलींना तिचं पहिलं सांगणं हेच असायचं, दाबू नको. दोन वर्षांपूर्वी ती गेली. माझं व्हिसाचं झेंगट चालू होतं. गेले असते तर परत येता आलं नसतं. शेवटचं बघितलं ते फोनवर.

मी हात मागे घेतला. टॉर्च मारून नीट पाहिलं, तर बाहुली गोल नव्हती. एका बाजूला ओढली जाऊन थेंबासारखी झाली होती. कण आत घुसला होता! दाबलं असतं तर डोळा गेला असता. वरून कडक कवच लावलं, डॉक्टरांना बोलावलं. सीटी स्कॅनमध्ये लोखंडाची कपची दिसली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. डोळा वाचला.

महिन्याभरानं मिस्टर डेल स्ट्रॉबेरी घेऊन भेटायला आले. मी धीर करून विचारलं, "त्या बाईंचा आवाज कसा होता?"

ते म्हणाले, "बसलेला. घाईत होती... पण रागावलेली नव्हती."

मी चादरींच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले.

माझी मैत्रीण म्हणते, तूच पुटपुटली असशील. असेनही. पण आईचा घसा शेवटी खरंच बसला होता, हे त्यांना कसं कळलं? त्याचं उत्तर मी आता शोधत नाही. सलतं ते वेगळंच. ती माझ्या पाठीशी उभी होती, असं मिस्टर डेल म्हणतात... आणि मला काहीच ऐकू आलं नाही.