लोणीवालींच्या सह्या

मॅव्हिस टनिक्लिफनं थेल्डनच्या बाजारात चाळीस वर्षं लोणी आणि चीज विकलं. जागा ठरलेली, खांबांवरच्या जुन्या बाजारघराखाली. शेजारी माझं पावांचं टेबल. बुधवारी पाऊस असो की बर्फ, मी पोचायच्या आधी तिचं दुकान मांडलेलं असायचं.

हे बाजारघर कुणी बांधलं, यावरून तिचं आणि आस्क्यू मास्तरांचं कायम वाजायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी गावाच्या इतिहासाची पुस्तिका लिहिली होती. तिच्यात बाजारघर ही टेकडीवरच्या हवेलीतल्या, त्या काळच्या लॉर्डची देणगी. मॅव्हिस म्हणायची, छे, ते लोणी विकणाऱ्या बायकांनीच उभारलं, उन्हात लोणी वितळायचं म्हणून. तिच्या आजीनं सांगितलंय. मास्तर विचारत, आजीकडे एखादा कागद होता का? कागद नव्हता. मॅव्हिस मग मास्तरांना चीजचा तुकडा जरा बारीकच कापून द्यायची.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या मे महिन्यात बाजारघराची डागडुजी निघाली. सुतारानं मधल्या तुळईवरचा चुना खरवडला आणि खाली कोरीव चित्रं दिसली. एका ओळीत अकरा: हंस, गव्हाची लोंबी, गाय, ओकचं पान, अशी. सगळा बाजार माना वर करून उभा. मास्तर शिडी चढले, चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, नक्षी सुरेख आहे.

मॅव्हिस मला म्हणाली, "टेबलाकडे बघ गं जरा," आणि चर्चमागच्या गल्लीतल्या घराकडे चक्क पळत सुटली. सदुसष्ट वर्षांची बाई! परत आली ती लोण्यावर मारायचा लाकडी ठसा घेऊन. आजीच्याही आजीचा. तिनं तो टेबलावरच्या लोण्याच्या गोळ्यावर दाबला आणि गोळा मास्तरांपुढे उंच धरला. हंस. मान वळलेली, एक पंख अर्धाच उघडलेला. हुबेहूब तुळईवरचा.

"मास्तर, त्या बायकांना लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "पण कुठलं लोणी कुणाचं, ते ठशावरून अख्ख्या गावाला कळायचं. ही नक्षी नाही. या सह्या आहेत."

मास्तरांनी गोळ्यावरचा हंस तुळईवरच्या हंसाशी ताडून पाहिला. मग खाली उतरून त्यांनी टोपी काढली. "टनिक्लिफबाई, माझ्या पुस्तिकेचं सातवं पान चुकलेलं दिसतंय."

"सातवंच? सहावंही वाचलंय मी."

बाजार हसला, मास्तर सगळ्यांत जोरात.

पण माणूस चिकाटीचा. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात तीन आठवडे बसले आणि त्याच लॉर्डचं एक पत्र शोधून आले. पुढच्या बुधवारी त्यांनी ते बाजारात उभं राहून वाचलं. लॉर्डची तक्रार होती की लोणीवाल्या बायकांनी न विचारता रस्त्यात एक कुरूप छप्पर ठोकलंय, आणि त्याच्या बग्गीला वळसा पडतो. 'कुरूप छप्पर' ऐकून मॅव्हिस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

ऑगस्टमध्ये खांबावर 'हे बाजारघर लोणीवाल्या बायकांनी बांधलं' अशी नवी पाटी लागली. पडदा मॅव्हिसनं ओढला. भाषण पाठ केलं होतं, ते ऐनवेळी विसरली. नुसती वर तुळईकडे बघून हात हलवला, ओळखीच्या बायकांना करावा तसा. मग बँड वाजायला लागला, टेबलं बाजूला सरकली आणि बाजारघराखाली नाच सुरू झाला. पहिला नाच तिनं मास्तरांबरोबर केला. त्यांना नाचता येत नव्हतं, हे तिनं दुसऱ्या दिवशी मला लंगडत येऊन सांगितलं.